सिग्नल स्पीड सांगत नाही, पुढचं सांगतो

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. ओपन रेल्समध्ये (कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम) तू आपल्या कल्याण-कर्जत-लोणावळा बाजूचा रूट टाकलायस, एक्स्प्रेस घेऊन निघतोस, ट्रॅक मॉनिटरवर (पुढचा रूळ, सिग्नल आणि लिमिट दाखवणारी खिडकी) लिमिट १०० दिसतं, समोर सिग्नल पिवळा येतो पण लिमिट तसंच १०० राहतं, म्हणून तू १०० नेच जातोस, आणि लाल दिसल्यावर ब्रेक मारलास तरी गाडी थांबत नाही, इमर्जन्सी लागते, ‘स्पॅड’ (म्हणजे लाल सिग्नल ओलांडला) येतं आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. मग विचारतोयस की काका, पिवळ्याला नक्की किती स्पीड, डबल पिवळ्याला किती, एकदाच आकडा सांगून टाका.

आकडा नाहीये.

म्हणजे आपल्याकडे नाहीये. काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी तीसेक वर्षं इंजिनात काढली, आधी असिस्टंट, मग मालगाडी, पॅसेंजर आणि शेवटी मेल-एक्स्प्रेस, आणि आता रिटायर झाल्यावर मुलाच्या कॉम्प्युटरवर परत तेच करत बसतो, बायको म्हणते बिनपगारी ड्युटी करणारा हा एकच माणूस बघितला. त्यामुळे गेममध्ये लोक कुठे चुकतात ते मला बरोब्बर दिसतं, कारण पहिल्या महिन्यात मीही तिथेच चुकलो होतो, तीस वर्षं खरी गाडी चालवून! कारण तोच, उजव्या कोपऱ्यातला तो आकडा. डोळा तिकडेच जातो आणि समोरचा सिग्नल नुसता शोभेचा दिवा होऊन बसतो.

आता गोंधळ कुठून येतो ते बघ. मायक्रोसॉफ्टचं ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आलं त्यात अमेरिका, ऑस्ट्रिया, इंग्लंड आणि जपानचे रूट होते, भारताचा एकही नाही, आपले सगळे रूट नंतर हौशी लोकांनी घरी बसून बनवले. ओपन रेल्स तोच माल चालवतं. आणि जगात सिग्नलच्या ढोबळमानाने दोन जाती आहेत. एका जातीत सिग्नल स्वतःच स्पीड सांगतो, म्हणजे जर्मनीत सिग्नलवर ४ आकडा पेटला की ४० ने जा, अमेरिकेच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉरवर अप्रोच मिळाला की ताशी ३० मैलांवर यायला लगेच सुरुवात कर, असं नियमातच लिहिलेलं असतं. दुसरी जात इंग्रजांची, जी आपल्याकडे आली. यात सिग्नल फक्त दोन गोष्टी सांगतो, पुढे रस्ता किती मोकळा आहे, आणि तुला कुठल्या लाइनवर घेतलंय. त्यासाठी स्पीड किती हवा ते ड्रायव्हरने ठरवायचं, कारण तुझ्या मागे २४ डबे आहेत की मालगाडीच्या ५८ भरलेल्या वाघिणी हे सिग्नलला काय माहीत.

रूट बनवणाऱ्याला गेममध्ये सिग्नलच्या प्रत्येक रंगाला स्पीड चिकटवता येतो, ते सिगसीएफजी नावाच्या फाइलमध्ये असतं. कुणी पिवळ्याला ४०-५० टाकतो, कुणी काहीच टाकत नाही. म्हणून एका रूटवर पिवळा दिसला की मॉनिटरवरचं लिमिट धाडकन खाली येतं आणि दुसऱ्यावर १०० चं १०० राहतं. तुझ्या रूटवाल्याने टाकलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने बरोबर केलंय.

चार रंग तुला माहीत असतील पण त्यांचा अर्थ नीट डोक्यात बसव. लाल म्हणजे थांब. एक पिवळा म्हणजे जा, पण पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. दोन पिवळे म्हणजे जा, पण पुढचा सिग्नल कमी स्पीडने ओलांडायच्या तयारीने जा, पुढचा बहुतेक पिवळा असणार. हिरवा म्हणजे जा. यात कुठे किलोमीटरचा आकडा आला का? सगळीकडे शब्द एकच, तयारी. आम्ही असिस्टंट असताना जुने ड्रायव्हर सिग्नल दिसला की रंग मोठ्याने म्हणायला लावायचे, तो नियमच आहे, दोघांनीही म्हणायचं. पण एक होते ते वर विचारायचे, ‘आणि पुढचा काय दाखवणार?’ उत्तर चुकलं की पुढच्या स्टेशनवर चहा माझ्याकडून. त्या चहांचा हिशेब केला तर एक सायकल आली असती.

आता तुझी गाडी थांबत का नाही त्याचं गणित. १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. चांगला ब्रेक लागलेली पॅसेंजर गाडी सपाट रुळावर सेकंदाला साधारण पावणेदोन किलोमीटर स्पीड कमी करते असं धर (सेकंदाला अर्धा मीटर, शाळेतल्या भाषेत). म्हणजे १०० वरून शून्यावर यायला ७७० मीटर. ५० वरून १९३. स्पीड दुप्पट की अंतर चौपट, हे एवढं लक्षात ठेव. आणि हे ब्रेक धरल्यानंतरचं अंतर, तू हँडल फिरवल्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवा उतरून ब्रेक चिकटेपर्यंत चार-पाच सेकंद जातात, तेवढ्यात आणखी सव्वाशे मीटर. झाले ९०० मीटर.

आपल्याकडे डिस्टंट सिग्नल (पुढचा काय दाखवतोय ते आधीच सांगणारा) होमच्या (स्टेशनात शिरायच्या आधीचा, लाल असेल तर थांबायचा सिग्नल) १ किलोमीटर आधी असतो. आता जोडून बघ. होम लाल आहे, डिस्टंट पिवळा आहे, तू १०० ने आलास आणि डिस्टंटच्या बुडाशी ब्रेक लावलास तर होमच्या १०० मीटर अलीकडे थांबशील. बसतंय, पण जेमतेम. तू काय करतोयस, तर पिवळा बघून ‘लिमिट १०० च आहे’ म्हणून तसाच जातोयस आणि लाल डोळ्याला दिसल्यावर ब्रेक लावतोयस. समज लाल तुला ४०० मीटरवरून दिसला. त्यातले सव्वाशे-दीडशे हवा उतरण्यात गेले, उरलेल्या अडीचशे-पावणेतीनशेत स्पीड किती उतरेल? लाल सिग्नल ओलांडताना तू ८० वर असशील. ८०! गेममध्ये रीस्टार्टचं बटण आहे म्हणून बरं, खऱ्या ड्युटीवर स्पॅड म्हणजे नोकरीवर गदा आणि त्याच्याही आधी जिवाशी गाठ.

म्हणून पिवळ्यावरचा ब्रेक पिवळ्यालाच लावायचा, लाल दिसायची वाट बघायची नाही. मी काय करतो सांगतो. एक पिवळा मिळाला की लगेच पहिला हलका ब्रेक, आणि पुढचा सिग्नल नजरेच्या टप्प्यात यायच्या आत ६० च्या खाली. ६० का, तर ६० वरून थांबायला २८० मीटर अधिक हवेचा वेळ मिळून साडेतीनशेच्या आसपास लागतात, म्हणजे ४०० वर लाल दिसला तरी मी थांबतो. सिग्नल वळणामागे असेल, पुलाखाली असेल, २०० मीटरवरच दिसणार असेल तर ६० पण जास्त, तिथे ४०. हा माझा आकडा झाला, नियमातला नाही, आणि तू तुझा काढायचास. सूत्र एकच, जिथून पुढचा सिग्नल दिसतो तिथून थांबता आलं पाहिजे.

जलद लाइनवर डबल डिस्टंट असतो, तिथे हे अजून सोपं होतं. पहिला डिस्टंट होमच्या २ किलोमीटर आधी, मग इनर डिस्टंट १ किलोमीटर आधी. गंमत म्हणजे पहिला डिस्टंट एकेरी पिवळा कधीच दाखवत नाही, डबल पिवळा नाहीतर हिरवा, बस्. होम लाल असेल तर क्रम असा येतो: डिस्टंट डबल पिवळा, इनर डिस्टंट पिवळा, होम लाल. म्हणजे पूर्ण २ किलोमीटर हातात. एखाद्या रूटवर पहिल्या डिस्टंटला एकेरी पिवळा दिसला तर समजायचं रूटवाल्याने स्क्रिप्ट चुकवलंय.

डबल पिवळ्याची खरी मेख वेगळी आहे आणि इथे जास्त लोक मरतात (गेममध्ये). एकच डिस्टंट असलेल्या स्टेशनवर डबल पिवळा तुला सांगतो की होम पिवळा आहे. पण होम पिवळा दोन कारणांनी असतो. एक, तुला मेन लाइनवरच घेतलंय पण पुढे स्टार्टर (स्टेशनातून बाहेर सोडणारा सिग्नल) लाल आहे. दोन, तुला लूपमध्ये (स्टेशनातली मेनच्या बाजूची लाइन) घेतलंय. यातलं कुठलं, हे डिस्टंट सांगत नाही! ते कळतं होम दिसल्यावर. होमच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग पेटली असेल तर लूप, ज्या बाजूला रांग झुकलीये त्या बाजूला जाणार. रांग नाही, नुसता पिवळा, तर मेन. याला रूट इंडिकेटर म्हणतात, इंग्लंडच्या गेममध्ये लोक त्याला पिसं म्हणतात, आपण ते त्यांच्याकडूनच उचललंय.

लूप म्हणजे सांधा (एका रुळावरून दुसऱ्यावर वळायची जागा) आला, आणि सांध्याचा स्पीड ठरलेला. एकास बाराचा सांधा (आकडा मोठा तितकं वळण सौम्य) असेल तर साधारण ३०, एकास साडेआठचा असेल तर १५, काही ठिकाणी नवे जाड पात्यांचे सांधे टाकून ५० पण केलंय. म्हणजे डबल पिवळा दिसला की सगळ्यात वाईट शक्यता धरायची, लूप आणि ३०. १०० वरून ३० वर यायला ७०० मीटर अधिक हवेचे सव्वाशे. डिस्टंट ते होम १०००. उरले दीड-पावणेदोनशे मीटर, म्हणजे १०० च्या स्पीडला पाच-सहा सेकंद. बस्, एवढाच वेळ आहे तुझ्याकडे विचार करायला. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत संपतो. होम दिसला, रांग नाहीये, मेनवर आहोत असं कळलं तर काय बिघडलं, थोडा ब्रेक सोड. पण उलट झालं तर काही करता येत नाही. काही गेममध्ये लूपला ७० ने घुसलं तरी गाडी पडत नाही, नुसतं थोडं हलतं, त्यामुळे पोरांना वाटतं चालतंय. तुझा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट बघितला मी, होमवर पाच दिवे चकाकतायत आणि स्पीड ७४.

आता स्पीड लिमिटचं. तुला वाटतं लिमिट एक असतं. खरं तर ड्रायव्हरच्या डोक्यात एका वेळी चार-पाच आकडे असतात आणि चालतो तो सगळ्यात लहान. सेक्शनचा स्पीड, इंजिनाचा, डब्यांचा (जुने आयसीएफ डबे साधारण ११०, नवे एलएचबी डबे १३०, भरलेली मालगाडी ६० किंवा ७५), मग त्या जागेचा कायमचा निर्बंध म्हणजे वळण, पूल, जुना सांधा, मग तात्पुरता निर्बंध म्हणजे रुळाचं काम चालू, आणि वरून सिग्नल. कायमचे निर्बंध वर्किंग टाइमटेबलमध्ये छापलेले असतात, तात्पुरत्यांचा कागद गाडी घेतानाच हातात पडतो, टी-४०९, कॉशन ऑर्डर. गेममध्ये मॉनिटर यातला रुळाचा आकडा बऱ्यापैकी सांगतो, पण तू मालगाडी घेऊन निघालास आणि तिथे १०० लिहिलंय तर ते तुझ्यासाठी नाही, ते रुळासाठी आहे. हे कुणी सांगत नाही म्हणून लोक भरलेल्या बॉक्सएन वाघिणी घेऊन ९० ने पळतात आणि मग म्हणतात ब्रेक खराब आहे.

तात्पुरत्या निर्बंधाच्या पाट्या चांगल्या रूटवर तीन दिसतात. आधी आडवी पिवळी, काळे पट्टे आणि मागे माशाच्या शेपटीसारखी खाच, ती नुसती सावध करते, निर्बंध पुढे आहे, स्पीड उतरवायला घे. मग त्रिकोणी पिवळी पाटी, तिच्यावर आकडा, ती निर्बंधाच्या तोंडाशी, तिथे पोचताना स्पीड तेवढा झालेला पाहिजे, तिथून कमी करायला सुरुवात नाही. आणि शेवटी गोल पिवळी, तिच्यावर टी/पी किंवा टी/जी (पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे गुड्स). इथे तुझा दुसरा प्रश्न, की ३० ची जागा संपल्यावर टी/पी आणि टी/जी वेगवेगळ्या जागी का. कारण ती पाटी इंजिनासाठी आहे पण निर्बंध शेपटीसाठी आहे. निर्बंध संपला तेव्हा इंजिन मोकळं झालं, मागचा डबा अजून त्याच खराब रुळावर आहे. म्हणून पाटी गाडीच्या लांबीएवढी पुढे लावतात, पॅसेंजर गाडीची लांबी वेगळी, मालगाडीची वेगळी, म्हणून दोन पाट्या. तुझी गाडी पॅसेंजर असेल तर टी/पी ला इंजिन पोचलं की वाढव.

पण कायमच्या निर्बंधाला आणि लूपच्या सांध्याला अशी सोय प्रत्येक वेळी नसते, तिथे तू मोजायचं. २४ डब्यांची गाडी इंजिनासकट साडेपाचशे मीटर धर. ३० ने ती पूर्ण सांध्यावरून जायला ६६ सेकंद लागतात. सहासष्ट! एकदा घड्याळ लावून बस, किती मोठे वाटतात बघ. तारांचे खांब मोजायची सवय लाव, सरळ रुळावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर, वळणावर कमी, त्यामुळे साडेपाचशे मीटरला आठ-दहा खांब. गेममध्ये खांब रूटवाल्याने कसे लावलेत त्यावर आहे, पण एकदा बाहेरच्या कॅमेऱ्यातून बघून तुझ्या गाडीला किती खांब होतात ते कागदावर लिहून ठेव. आणि गेमचा आकडा इंजिन गेल्यावर वाढतो की शेवटचा डबा गेल्यावर, हे तुझ्या गेममध्ये स्वतः तपास. आकडा वाढला तरी शेपटी निघेपर्यंत थांबायचं, गेमने शाबासकी नाही दिली तरी.

ब्रेकबद्दल थोडं, कारण गणित बरोबर असूनही हात चुकीचा असेल तर उपयोग नाही. ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाबाची हवा असते, गेममध्ये पीएसआयमध्ये दिसली तर ७१ च्या आसपास. ती हवा कमी केली की ब्रेक लागतो, भरली की सुटतो, उलटं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिला टप्पा अर्धा किलो उतरव, डबे एकमेकांवर नीट बसू देत, मग वाढव. फुल सर्व्हिसला (नेहमीचा पूर्ण ब्रेक) पाइप साडेतीनपर्यंत खाली येतो, त्याच्यापुढे जोर मिळत नाही. तुझ्या व्हिडिओत दिसतंय की तू ब्रेक लावतोस, सोडतोस, परत लावतोस, परत सोडतोस, स्कूटरसारखं. प्रत्येक वेळी सोडल्यावर पाइप परत भरायला वेळ लागतो, मागच्या डब्यांत तर अजून जास्त, आणि तिसऱ्या वेळी तू लावतोस तेव्हा मागे लावायला हवाच उरलेली नसते. एकदा लाव, धर, थांबायच्या जरा आधी हलका कर म्हणजे झटका बसत नाही. आणि इंजिनाचा वेगळा ब्रेक, एसए-नाइन, तो गाडी थांबवायला वापरू नकोस, तो नुसत्या इंजिनासाठी आणि थांबलेली गाडी धरून ठेवायला.

आता घाट. तू कर्जत-लोणावळा चढतोस तिथे काही प्रश्न नाही, मागे बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लावलेत, स्पीड तसाही होत नाही. प्रश्न उतरताना. भोर घाटाचा चढ एकास ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. ऐकायला काहीच वाटत नाही ना? पण त्या उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला सेकंदाला ०.२६५ मीटरने ढकलतं. आपला चांगला ब्रेक ०.५ चा होता, त्यातून हे वजा कर, उरला ०.२३५, निम्म्याहून कमी. ६० वरून थांबायला सपाटीवर २८० मीटर लागत होते तिथे आता ५९० लागतात. आणि मालगाडी घेऊन आलास, तिचा ब्रेक ०.२५ चा असेल तर? ०.२५ वजा ०.२६५. उत्तर शून्याच्या खाली! पूर्ण ब्रेक लावून गाडी थांबत तर नाहीच, हळूहळू वाढत जाते. घाटात स्पीड एकदा हातातून गेला की परत येत नाही तो यामुळे, आणि पॅसेंजर गाडीलासुद्धा तिथे उतरताना ३० च्या घरातच ठेवतात ते यामुळे.

म्हणून लोणावळ्याहून खाली निघताना स्पीड वाढायच्या आधीच ब्रेक. डायनॅमिक ब्रेक (इलेक्ट्रिक इंजिनावर रिजनरेटिव्ह) आधी लाव आणि तो सतत राहू दे, वर हवेचा ब्रेक गरजेपुरता. आधी हवाच वापरून संपवलीस तर मंकी हिलच्या खाली तुझ्या हातात काही नसेल. आणि घाटात कॅच सायडिंग आहेत, तुझ्या रूटवर बनवल्या असतील तर बघ, मेन लाइनपासून एक फाटा निघून वर चढाला जातो. तिथला सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो, म्हणजे पळालेली गाडी आपोआप वर चढून थांबावी. तू आधी थांबून दाखवायचं की गाडी माझ्या ताब्यात आहे, मग सिग्नल मिळतो आणि मेनचा रस्ता लागतो. तिथला लाल बघून ‘हा काय बग आहे, पुढे तर रिकामं आहे’ म्हणून टॅब (लाल ओलांडायची परवानगी मागायचं बटण) दाबणारे मी बघितलेत. बग नाहीये बाबा, तो लाल मुद्दाम आहे.

टॅबवरून आठवलं. लाल सिग्नलसमोर थांबल्यावर टॅब दाबून परवानगी मागता येते, पण कुठल्या लालला ते बघ. खांबावर गोल पाटीत ए असेल तर तो ऑटोमॅटिक सिग्नल (पुढच्या गाडीप्रमाणे आपोआप बदलणारा), उपनगरी लाइनवर असे पुष्कळ. तो लाल असला तर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून, शिट्टी मारून पुढे जाता येतं, पण समोर गाडी उभी असणारच असं धरून, जास्तीत जास्त १५ ने, वळण-बिळण असेल तर त्याहून कमी, पुढच्या सिग्नलपर्यंत. जी पाटी असेल तर फाटकाचा सिग्नल, त्याचे नियम वेगळे, फाटकवाला हात दाखवत नसेल तर फाटकापाशी परत थांबावं लागतं. काहीच पाटी नाही, म्हणजे होम किंवा स्टार्टर, तर कागदाशिवाय हलायचं नाही, टी-३६९(३बी) नावाचा कागद मिळतो सिग्नल बिघडला असेल तर. गेममध्ये टॅब म्हणजे तोच कागद समज. कागद मिळाला म्हणजे रस्ता मोकळा असं नसतं हेही समज.

सरावाचं सांगतो, मी नातवाला असंच शिकवलं. खऱ्या ड्रायव्हरला नव्या सेक्शनवर गाडी द्यायच्या आधी रोड लर्निंग करावं लागतं, एलआर म्हणतात, किमान तीन फेऱ्या, त्यातली एक रात्रीची, नुसतं उभं राहून बघायचं. तू पण कर. पहिली फेरी ऑफ पीकला, गाडी कमी, ६० च्या वर जायचंच नाही, शेजारी वही. कुठला सिग्नल कुठे पहिल्यांदा दिसतो, कुठल्या पुलानंतर, कुठल्या झाडानंतर, सगळं लिही. दुसऱ्या फेरीत एफ४ दाबून ट्रॅक मॉनिटर बंद कर. हे जड जाईल. पहिल्या दहा मिनिटांत तुला दारू सोडलेल्या माणसासारखं होईल. पण दर सिग्नलला रंग मोठ्याने म्हण, घरचे हसले तर हसू दे, आणि ‘पुढचा काय’ हे पण म्हण. चुकलं की वहीत खूण. तिसरी फेरी रात्रीची, रात्री सिग्नल लांबून दिसतात पण अंतर कळत नाही, आणि बाजूच्या लाइनचा हिरवा आपला वाटतो, कल्याणसारख्या ठिकाणी तर हे हमखास होतं, चार-पाच दिवे एका रांगेत.

परवा तू लिहिलंस की डबल पिवळ्यानंतर पुढचा हिरवा झाला तर ब्रेक लावल्याचा टाइम फुकट जातो आणि गाडी लेट होते. होते, मिनिट-दोन मिनिटं. होऊ दे. हिरवा डोळ्याने दिसल्याशिवाय ब्रेक सोडू नकोस, ‘मघाशी इथे हिरवा होता’ हे कारण चालत नाही, मागच्या वेळी तुझ्यापुढे लोकल नव्हती.

आता असं कर, तोच रन परत घे, तोच टाइम, तोच ट्रॅफिक. डिस्टंटला स्पीड किती होता, पहिला ब्रेक कुठल्या खांबापाशी लावलास, आणि होमच्या किती अलीकडे थांबलास, हे तीन आकडे लिहून पाठव. वहीचा फोटो पाठवलास तर अजून बरं. ब्रेकची वेळ जुळली की मग आपण घाट उतरू, तोपर्यंत लोणावळ्याहून खाली निघू नकोस.